लॅम्पशेडमधलं पाचवं बोट

"सांभाळ रे नितेश! बेबीताईच्या छातीवर फेविकॉल सांडशील!" आचल म्हणाली.

"सांडू दे. तसाही तिच्या छातीत कफच आहे," नितेश म्हणाला आणि सहदेवजींचा गुडघा तारेच्या सांगाड्यावर उलटा चिकटवून मोकळा झाला.

मे महिन्यात वलगावात दुपारी दोन ते चार फक्त कूलर जागे असतात. खिडक्यांना ओल्या चादरी, दारं लावलेली, घरभर वाळ्याचा वास. अशा अंधारलेल्या मधल्या खोलीत आचल, तिचा धाकटा भाऊ नितेश आणि बडनेऱ्याहून सुट्टीला आलेली मावसबहीण प्रणाली लॅम्पशेड बनवत बसले होते. साहित्य फुकटचं होतं: कुंपणाची उरलेली तार, मनकर्णाआजीची लोकर आणि गावभरातून मागून आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्म. एक्स-रे टाकवत नाही आणि ठेवून उपयोग नसतो, त्यामुळे लोक खुशीनं देत होते. फिल्मला कडेनं भोकं पाडायची, लोकरीनं तारेला शिवायची, फटींमध्ये पतंगी कागद लावायचा. आत एलईडीचा दिवा, म्हणजे काही वितळायला नको.

आचलनं आपल्या शेडसाठी ताजी फिल्म मिळवली होती, आबाजींची. आबाजी म्हणजे तिचे आजोबा नत्थुजी. चार दिवसांपूर्वी ते मळ्यातल्या पाइपाला अडखळून डाव्या हातावर पडले. मनगट सुजलं. अमरावतीला एक्स-रे काढला, हाड मोडल्याचा रिपोर्ट आला. आचलच्या बाबांनी, म्हणजे गजेंद्ररावांनी, फिल्मचा फोटो काढून मोबाइलवरून अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरांना पाठवला आणि "आता हिचं काही काम नाही" म्हणत पाकीट कपाटावर टाकलं. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, ऑपरेशन करून आत प्लेट टाकावी लागेल. आज सकाळीच बाबा आबाजींना घेऊन अकोल्याला गेले होते. उद्या आठ वाजता ऑपरेशन!

"लाव आता!" प्रणाली कुजबुजली. मोठ्यानं बोलावं असं त्या अंधारात वाटतच नव्हतं.

आचलनं बटण दाबलं.

भिंतीवर निळसर उजेड पसरला, पाण्यासारखा. कूलरच्या वाऱ्यानं शेड हळूहळू डुलायला लागली आणि छतावर एक भलामोठा हात तरंगू लागला. त्याची बोटं लांबच लांब, नाजूक. कुणी खोल विहिरीच्या तळातून सावकाश खुणावून बोलवावं तसा तो हलत होता. तिघंही जमिनीवर उताणी पडून बघत राहिली. नितेशसुद्धा गप्प होता, आणि ही गोष्ट त्या घरात सहसा घडत नसे.

आचलला अर्धवट झोप आल्यासारखं झालं. त्या झोपेतच तिला वाटायला लागलं, या हातात काहीतरी जास्तीचं आहे. अंगठा, एक, दोन, तीन... ती ताडकन उठून बसली.

"पाच आहेत!"

"मंग? सहा पाह्यजे होते का तुले?" नितेश म्हणाला.

"आबाजीची करंगळी अर्धी आहे ना रे! कडबाकुट्टीच्या मशीनमधी गेली होती!"

नितेश उठून शेडजवळ गेला. फिल्मच्या कोपऱ्यात नाव तर नत्थुजींचंच होतं. तारीखही बरोबर. मनगटाच्या हाडात आरपार काळी चीर दिसत होती. फक्त हात दुसऱ्याच कुणाचा तरी होता!

आचलनं बाबांना फोन लावला.

"बाबा, त्या एक्स-रेत बोटं पाच आहेत!"

"हाताले पाचच असतात वं."

"आबाजीले साडेचार आहेत!"

पलीकडे गजेंद्ररावांनी विचार केला. सवय नसल्यामुळे तो लवकर संपला. "अवं, डिजिटल मशीन आहे ते. डिजिटलमधी सारं भरून येते. रिपोर्ट आहे, डॉक्टर आहे, तू कोन? झोप गुपचूप." फोन बंद. पुढचे सहा फोन त्यांनी उचललेच नाहीत.

"आबाजीच्या हाताची पट्टी तरी सोडून पाहायची डॉक्टरनं!" प्रणाली म्हणाली.

"आंबेहळदीचा लेप लावून म्याच बांधली ते," दारातून आवाज आला. मनकर्णाआजी उठली होती. "कोपरापासून नखापर्यंत. कोनाले काय दिसते?" तिनं छताकडे पाहिलं आणि बोटावर मोजलं. "हा हात ह्यायचा नाही. लग्नात हातात हात दिला तवाच मोजले होते म्या. साडेचार. पन बोलली नाही. म्हटलं, नाकडोये त पुरे आहेत!"

"आजी, आमी अमरावतीले जाऊ? त्या एक्स-रेवाल्याकडे?"

"जा. डोक्याले दुपट्टे बांधा. अन् मोठ्यायसंग बोलताना आवाज खाली ठेवजा. मुद्दा नाही, फक्त आवाज!"

चार वाजता तिघं ऑटोतून अमरावतीच्या त्या एक्स-रे केंद्रासमोर उतरली. व्हरांड्यात एकही माणूस रांगेत नव्हता. रांगेत चपला होत्या! प्रत्येक चपलेखाली नावाची चिठ्ठी, आणि चपलांचे मालक समोरच्या कडुनिंबाखाली चहा पीत बसलेले. मशीन चालवणारा योगेश दारात यायचा, पहिल्या चपलेखालची चिठ्ठी उचलायचा आणि ओरडायचा, "ही कोनाची चप्पल?" मालक लंगडत आत जायचा.

"हुशार सोय आहे," नितेशला मनापासून पटली.

"थांब," आचल म्हणाली.

झाडणारी गंगूबाई आली. तिनं सगळ्या चपला बाजूला केल्या, व्हरांडा स्वच्छ झाडला, चपला परत मांडल्या आणि गोळा झालेल्या चिठ्ठ्या एकेक करून त्यांच्याखाली सारल्या.

"मावशी, कोनती चिठ्ठी कोनत्या चपलेची, कसं समजते तुमाले?" प्रणालीनं गोड आवाजात विचारलं.

"समजाचं काय त्याच्यात?" गंगूबाई म्हणाली. "जितक्या चपला तितक्या चिठ्ठ्या. एक बी कमी होऊ देत नाही मी!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोडं तिथंच सुटलं होतं. पण योगेशला ते सांगितल्यावर तो मोबाइलवरून नजरही न काढता म्हणाला, "नऊ वर्षांत एक चूक नाही झाली माह्या हातून."

"झाली नाही का सापडली नाही?" आचल म्हणाली. आवाज खालीच होता.

"चला, बाहेर! पेशंट खोळंबले."

ती बाहेर आली, पण गेली नाहीत. प्रणालीनं वहीचा कागद फाडला, वळणदार अक्षरात लिहिलं, 'सहदेव, वय ७२, उजवा गुडघा', आणि तो आचलच्या गुलाबी चपलेखाली सरकवला. दहा मिनिटांनी योगेशनं तो उचलला.

"ही कोनाची चप्पल?"

"माही!" आचल आत गेली. नितेश आणि प्रणालीनं दार सताड उघडं धरलं. कडुनिंबाखालची मंडळी चहा टाकून गोळा झाली.

योगेश मोबाइलमध्ये काहीतरी पाहून हसत होता. "झोपा, सहदेवजी. गुडघा सरळ. या वयात दुखतेच थोडं, घाबरू नका." त्याचा हात बटणाकडे गेला.

"थांबा दादा!" आचल टुणकन उठून बसली. "मी बारा वर्षांची आहे. अन् मी सहदेवजी नाही!"

व्हरांड्यात असा हशा पिकला की लंगडणारे दोघं खाली बसले. योगेशनं आधी चिठ्ठी पाहिली, मग आचलच्या दोन वेण्या पाहिल्या, आणि त्याचा चेहरा हळूहळू फिल्मसारखा निळसर पडला. त्यानं मुकाट्यानं कॉम्प्युटर उघडला. त्या दिवशी नत्थुजींच्या पाठोपाठ एक नाव होतं: पार्बताबाई, अंजनगाव सुर्जी, डावं मनगट. दोघांचं दुखणं एकच, म्हणून चिठ्ठ्यांची अदलाबदल कुणाच्या लक्षातच आली नव्हती. त्या नावाचा हात पडद्यावर उमटला. करंगळी अर्धी, आणि हाड अगदी शाबूत!

"आबाजी!" नितेश ओरडला. आजोबांना हाडांवरून ओळखणारा तो बहुधा गावातला पहिलाच नातू असेल.

योगेशनं अकोल्याच्या दवाखान्यात फोन लावला आणि तो आचलपुढे धरला. आचलनं फोन घेतला. पलीकडे गीतांजली नावाच्या नर्सबाई होत्या.

"कोण बोलतंय? पेशंटचे नातेवाईक का?"

"नात आहे मी. सिस्टर, दुसरं काही नका करू. वलगावच्या नत्थुजींची पट्टी सोडा, बोटं मोजा, अन् डॉक्टरांना म्हणा तो फोटो पुन्हा पाहा. तोवर मी फोन ठेवत नाही!"

पावलांचा आवाज. दार वाजलं. "अरे, पण ही पट्टी कावून सोडता?" असा बाबांचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. व्हरांड्यातला एकही माणूस हलत नव्हता. उन्हं उतरून कडुनिंबाची जाळीदार सावली पार आतल्या भिंतीवर आली होती आणि आचलला वाटलं, सगळं अमरावती श्वास रोखून उभं आहे.

"साडेचार!" नर्सबाईंचा आवाज आला. "डॉक्टर आलेत. उद्याचं ऑपरेशन थांबवलंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना काहीच कळलं नव्हतं त्यांनी जास्त जोरात वाजवल्या. पण आचलनं लगेच दुसरा नंबर लावायला सांगितला होता.

"पार्बताबाई, तुमच्या हाताले काय सांगतलं होतं?"

"मोच म्हने. शेजारीण रोज गरम तेलानं चोयून देते. चोयलं का भरदुपारी तारे दिसतात, बाप्पा!"

"चोळू नका! हाड मोडेल आहे! आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा!"

अकोल्यात नवा एक्स-रे निघाला. आबाजींचा हात नुसता मुरगळला होता. डॉक्टरांनी आचलला स्वतः फोन केला. "फोटो मी पाहिला, पण हात पाहिला नाही. माझी चूक झाली, बाळ," ते म्हणाले. गजेंद्ररावांनी घरी येताच शेडकडे पाहिलं आणि "डिजिटलच्या मानानं बरी झाली आहे" एवढंच बोलले. त्यांच्या बाबतीत याला शाबासकी म्हणतात.

पंधरा दिवसांनी पार्बताबाईंनी सगळ्यांना अंजनगावला बोलावलं. त्यांचा पानमळा होता. बाहेर ऊन रणरणत होतं, पण आत पाऊल टाकलं आणि उजेडच बदलला. वेली उंच चढलेल्या, वर पानांचं छत, आणि त्यातून गाळून आलेला हिरवा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर, आबाजींच्या पांढऱ्या मिशीवर, पार्बताबाईंच्या प्लास्टरवर. कुणी अख्ख्या शेतालाच शेड शिवून घातली होती जणू! आबाजी न सांगताच पुढे झाले आणि पार्बताबाईंच्या वाटची पानं खुडायला लागले.

"अजून चार दिवस चोयलं असतं त हात गेला असता, म्हने डॉक्टर," पार्बताबाई म्हणाल्या. "तुमच्या नातीनं वाचवला, नत्थुजी."

आबाजींनी आपला साडेचार बोटांचा हात आचलच्या डोक्यावर ठेवला.

आचलनं एक पान तोडून उजेडाकडे धरलं. हिरव्या काचेत रेघा उमटाव्यात तशा त्याच्या शिरा लख्ख दिसायला लागल्या. ती ओठ हलवत हळूहळू पुटपुटत होती.

"काय करून राहिली वं?" पार्बताबाईंनी विचारलं.

"शिरा मोजून राहिली."

"मोज माय, मोज," पार्बताबाई म्हणाल्या. "दर घरात एक त मोजनारं मानूस पाह्यजे."