पाहुण्याची हजेरी

शाळेच्या सभागृहाचं दार उघडं होतं आणि आत एकच माणूस बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर केकचा खोका. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये तो असा ताठ बसला होता, की जणू कार्यक्रम आता सुरू होतोच आहे.

दुर्बीण दारातच थबकली.

दुर्बीण म्हणजे चष्म्याच्या दुकानाची मालकीण. शाळेत जाडजूड भिंगांमुळे हे नाव पडलं, ते चष्मा पातळ झाला तरी सुटलं नाही. शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचं वार्तापत्र तीच काढायची. कोणाला जुळं झालं, कोणाला बढती मिळाली, वाचनालयाला कपाट कोणी दिलं, सगळं तिच्या हातून जायचं. आणि या अंकात तिने संमेलनाची तारीख आठवडाभर आधीची छापली होती! सगळ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या बाईची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरोघरी फोन करून तिने सारवासारव केली होती. आज दारावर चिठ्ठी लावायला म्हणून आली, तर हा बसलेला.

"संमेलन... पुढच्या रविवारी आहे," ती चाचरत म्हणाली. "तारीख चुकली छापताना."

"कोणाची चूक?"

"माझी."

त्याने खोका उघडून तिच्यापुढे धरला. "मग शिक्षा म्हणून हा केक तुम्हालाच संपवावा लागेल."

हसताना त्याचा डावा डोळा किंचित जास्त मिटला, आणि तिला एकदम ओळख पटली. "अरे, तू पाहुणा!"

वडिलांच्या बदलीच्या नोकरीमुळे तो या शाळेत एकच वर्ष टिकला होता. शेवटच्या बाकावर एकटाच बसायचा. वर्गाने त्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केली, आणि नाव रुळेपर्यंत तो गेलासुद्धा. आता तो मालवाहू जहाजावर आचारी होता. त्याचं वार्तापत्र जहाज कंपनीच्या पत्त्यावर जायचं आणि फोन नंबर कोणाकडेच नव्हता. सगळ्या गावाला निरोप मिळाला, तो एवढा एकच सुटला.

"मग पुढच्या रविवारी ये ना," ती म्हणाली.

"गुरुवारी जहाज सुटतं."

दुर्बिणीचा केकचा घास हातातच राहिला. कारण मंडळाची एक रीत होती. संमेलनात वर्गासारखी हजेरी व्हायची. जो आला नाही, त्याच्या वतीने त्याच्या माणसाने उभं राहून "हजर" म्हणायचं. घरचं कोणी, नाहीतर बाकावरचा सोबती. ओ देणाऱ्याच्या घरी मग त्या गैरहजर माणसाचं वार्तापत्र जायचं. सलग तीन वर्षं कोणीच ओ दिली नाही, तर नाव कमी. पाहुण्याचं हे तिसरं वर्ष होतं.

"एवढ्यासाठी आलास?" तिने हळूच विचारलं.

"हसशील, पण... जमिनीवर माझं नाव एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे."

ती हसली नाही. बाहेर पावसाची भुरभुर लागली होती. दोघांनी खिडकीशी उभं राहून अर्धा केक संपवला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. "अंधुक दिसतंय," म्हणाला.

तिने त्याला खुर्चीवर बसवलं, एकेक भिंग बदललं. त्याने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळही घडाघडा वाचून दाखवली.

"डोळे ठणठणीत आहेत तुझे."

"नीट तपासलंस? तुझ्या तपासण्यावर हल्ली माझा भरवसा नाही."

"कुठे अंधुक दिसतं नेमकं?"

"जवळचं," तो म्हणाला. "आता जेवढं जवळ आहे ना... तेवढं."

तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. तिने घाईने दिवा लावला आणि भिंगांचा डबा उलटसुलट भरून ठेवला. तो मंगळवारी पुन्हा आला, बुधवारीही आला. पलीकडच्या शिंप्याने विचारलं, "या गिऱ्हाईकाचा नंबर रोज वाढतो का हो?" तिला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

बुधवारी निघताना तो दारात थांबला. "रविवारी माझं नाव पुकारतील, तेव्हा..."

"देईल कोणीतरी ओ," ती पटकन बोलून गेली.

"हं. कोणीतरी." तो हसला, पण डावा डोळा मिटला नाही. मग गेला.

जीभ चावून काय उपयोग! 'मी देईन' एवढे दोनच शब्द होते, आणि तेवढेही तिला जमले नाहीत. त्या रात्री ती जेवली नाही. तो तिला आवडला होता, चांगलाच आवडला होता, आणि तो निघून चालला होता.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. हजेरी घेत होती तिची आत्या, मंडळाची अध्यक्ष. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई. भाचीलाही तिने कधी अर्धा गुण जास्त दिला नव्हता.

पाहुण्याचं नाव आलं. आत्याने चष्म्यावरून सभागृहभर नजर फिरवली. कोणी हललं नाही. तिने पेन उचललं.

"हजर!" दुर्बीण उभी राहिली.

"संपादकबाई, तुम्ही त्यांच्या कोण?"

"एका... एका वर्गातली."

"वर्गात सगळेच होते. नातं सांगा."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. दुर्बिणीचे कान तापले, चष्म्यावर वाफ धरली. तिने तो सरळ काढून हातात घेतला. समोरचं सगळं धूसर झालं आणि बोलणं सोपं झालं.

"नातं माझ्याकडून आहे," ती म्हणाली. "त्याला विचारायचं राहिलंय."

सभागृहात टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्लोळ. आत्याने शांतपणे नोंद करून घेतली. "वार्तापत्र कुठे पाठवायचं?"

"माझ्या घरी."

त्यानंतर बरेच महिने काहीच घडलं नाही. पुढचा अंक निघाला. संमेलनाचं वृत्त तिने सौम्य करून लिहिलं होतं, पण आत्याने ते छापखान्यात जाऊन शब्द न् शब्द खरं करून घेतलं. घरी दोन प्रती आल्या. दुसरी, पाहुण्याची प्रत तिने दुकानाच्या खणात ठेवली.

एका संध्याकाळी दुकान बंद करताना दारात सावली पडली. उन्हाने रापलेला चेहरा, हातात खोका.

"माझं वार्तापत्र येईनासं झालं," पाहुणा म्हणाला. "वाटलं, नाव गेलं. तुझ्या आत्याला फोन केला. म्हणाल्या, नाव आहे, पत्ता बदललाय, स्वतः जाऊन घेऊन या."

तिने खणातली प्रत काढून पुढे केली. तो उभ्याउभ्या वाचू लागला. वाचता वाचता थांबला. पुन्हा वरून वाचलं.

"अंधुक दिसतंय का?" तिने विचारलं.

"नाही. स्वच्छ दिसतंय." त्याने अंक घडी करून खिशात ठेवला. "पण इथे लिहिलंय, विचारायचं राहिलंय."

दुर्बिणीने चष्मा काढला नाही. या वेळी तिला सगळं नीट पाहायचं होतं.

"विचारते," ती म्हणाली. "पाहुणा म्हणून नाही... घरचा म्हणून येशील?"

त्याचा डावा डोळा किंचित जास्त मिटला.

"हजर," तो म्हणाला.