सितारामदादानं पुसलेली रेघ

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. जिंतूरहून येलदरीकडे निघालं की डाव्या हाताला सिद्धोधनचं वर्कशॉप लागतं. आजही चालू आहे. तो स्वतः यावर बोलत नाही. त्याची बायको धम्मशीला आमच्याकडे आली होती, तिनं सांगितलं.

आणि हे रात्री घडलेलं नाही. मे महिन्यातली भर दुपार होती. लाईट गेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

सिद्धोधनसमोर फटफटीचं इंजिन उघडून ठेवलं होतं. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, सितारामदादाची. दादा मागच्या दिवाळीत तिच्यावरूनच गेला. येलदरीच्या उतारावर इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि दादा फेकला गेला.

तेव्हापासून गाडी पोत्याखाली झाकलेली होती.

आता दादाचा एकुलता एक मुलगा नागसेन हट्टाला पेटला होता. "काका, पप्पाची गाडी मला पाहिजे."

त्याची आई सगुणाबाई एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुमच्याच हातानं नीट करा. दुसऱ्या कोणाकडं द्यायची न्हाई."

सिलिंडर आतून खरचटला होता. सिद्धोधननं तो बोअर करून मोठा केला, मोठा पिस्टन आणला. पण नुसता सिलिंडर मोठा करून भागत नाही. वरच्या हेडमध्ये पेट्रोल जळायची जी वाटी असते, तिचं तोंडही तेवढंच मोठं करावं लागतं. नाहीतर वाटीची कड आत डोकावते, तापून लाल होते आणि पिस्टन जाळते.

त्यासाठी हेडला ब्रशनं निळा रंग चोपडायचा. त्यावर गॅस्केट, म्हणजे हेड आणि सिलिंडरच्या मधली पातळ चकती, आणि गॅस्केटवर सिलिंडर उपडा ठेवायचा. आतून सुईनं हलकी गोल रेघ ओढायची. त्या रेघेपर्यंत कड घासायची.

हे त्याला दादानंच शिकवलं होतं. दादा कधी ओरडला नाही. रेघ चुकली की यायचा, अंगठ्यानं पुसायचा आणि मुकाट्यानं निघून जायचा. बस. समजायचं की पुन्हा करायचंय.

दादाचा उजवा अंगठा लेथ मशीनमध्ये अर्धा गेला होता. त्यामुळे पुसल्याची खूण आखूड आणि रुंद उमटायची.

सिद्धोधननं रेघ ओढली. सिलिंडर उचलून बाजूला ठेवला. माठातलं पाणी प्यायला उठला.

मागून आवाज आला…

खस्स.

तो वळला. वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतं.

हेडवरची रेघ एका जागी पुसलेली होती. खूण आखूड, रुंद.

त्यानं आधी स्वतःचे हात पाहिले. कुठंच निळा डाग नव्हता. त्याच्या घरात भूतबाधा, उतारा असलं काही कोणी मानत नव्हतं. तरी तो दोन पावलं मागं सरला.

मग त्याचं लक्ष गॅस्केटकडे गेलं. घाईत त्यानं जुनंच लावलं होतं. त्याचं भोक नव्या बोअरपेक्षा लहान होतं. तसंच बसवलं असतं, तर त्याचीच कड आत लोंबून जळाली असती.

"दादा…" तो पुटपुटला. भीती कुठल्या कुठे गेली. डोळे भरून आले. पोराच्या गाडीत खोट राहू नये म्हणून बाप आला होता, दुसरं काय?

नवं गॅस्केट लावलं. पुन्हा रंग, पुन्हा रेघ. मग त्यानं मुद्दाम पाठ फिरवली.

बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेर पत्रा तापून कडकडत होता. आणि मग…

खस्स.

या वेळी त्याला चूक सापडेना. सिलिंडर केसभर सरकला असेल म्हणून त्यानं तो घट्ट बसवून घेतला. तिसरी रेघ ओढली. तीही पुसली गेली. पूर्ण, गोल, चारही बाजूंनी.

सिद्धोधन रडता रडता हसला. "लय बारीक बघायलास दादा. बरं, अजून नीट करतो."

चौथी रेघ मात्र राहिली.

त्याला वाटलं, दादाचं समाधान झालं.

लाईट आलीच नाही. संध्याकाळपर्यंत तो हातानं कड घासत राहिला. शेवटी कडेवरून अंगठा फिरवला. कुठं अडकला नाही. इतकं सुंदर काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागसेन आला, पांढरा शर्ट घालून. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. सगुणाबाई डोळे मिटून तो आवाज ऐकत उभी राहिली. "येलदरीपर्यंत जाऊन येतो," म्हणून पोरानं गाडी वळवली.

तेव्हा सिद्धोधनला दिसलं…

नागसेनच्या पाठीवर, पांढऱ्या शर्टावर, निळा डाग. आखूड, रुंद. एक नाही, कितीतरी. कोणीतरी त्याला पुन्हा पुन्हा धरायला पाहत असल्यासारखे.

"नागसेन, थांब रे!"

इंजिनच्या आवाजात ते विरून गेलं.

थोड्या वेळानं उतारावरच्या चहावाल्या दत्ताचा फोन आला. रस्ता कोरडा होता, समोर कोणी नव्हतं. गाडी खाली घसरली नव्हती, झाडाला टेकून उभी होती. इंजिन अजून चालू होतं. चावी काढली तरी ते बंद होईना, म्हणून लोक जवळ जायला घाबरत होते.

नागसेन खाली पडलेला होता. त्याचा श्वास थांबला होता.

नंतर सिद्धोधननं इंजिन उघडून पाहिलं. पिस्टनवर ओरखडा नव्हता. वाटीची कड जशी घासली होती तशीच गुळगुळीत. कुठलीच खोट नव्हती.

सगुणाबाईनं त्याला एकदाच विचारलं, "भाऊजी, काम नीट झालं हुतं ना?"

"झालं हुतं वहिनी," तो म्हणाला.

त्या दुपारी दादा काय सांगत होता? रेघ चुकली, की हे कामच करू नको? पुसणं म्हणजे पुन्हा कर, एवढंच सिद्धोधन आयुष्यभर शिकला होता.

ते हेड अजून त्याच्या टेबलावर आहे. धम्मशीला सांगत होती, दुपारी लाईट गेली की तो त्याला निळा रंग लावतो. वर रेघ ओढतो, मुद्दाम वाकडी. मग पाठ फिरवून बसून राहतो.

कोणी पुसत नाही.