तिघांसाठी बर्फ

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या, माझं काही म्हणणं नाही. एकवीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढते आहे. दोन आणि दोन चार म्हणणारी बाई आहे मी. कोणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी उठून भांडी घासायला जायचे.

आता उठत नाही.

२०१८ चा एप्रिल महिना. मंगळवार. संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते, अजून उजेड होता. ओहायोमधल्या रूट तीसच्या कडेचं एक बैठं मोटेल. खोली नंबर अकरा.

तिथून सुरुवात झाली.

पण आधी ड्वेनबद्दल सांगते. ड्वेन माझा नवरा.

ट्रकच्या कंपनीत कुठली गाडी कुठल्या रस्त्याने जाणार, हे ठरवून द्यायचं त्याचं काम. सव्वीस वर्षं तेच केलं. घरीही तेच. दोन दिवस तळ्यावर जायचं असलं तरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

आमची एकुलती एक मुलगी जोसी. त्या वर्षी तिची शाळा संपणार होती. चार कॉलेजांनी तिला प्रवेश दिला होता, आणि एक मेपर्यंत त्यातलं एक निवडायचं होतं. एप्रिलच्या सुट्टीत चारही बघून यायची, असं ड्वेनने जानेवारीतच आखून टाकलं. निळी फाईल केली. रस्ता पिवळ्या मार्करने रंगवला. चार कॉलेजं, चार मोटेलं, प्रत्येक ठिकाणी तळमजल्यावरची खोली.

तिघांचं बुकिंग.

त्याचा एकच नियम होता. कॉलेज घरापासून चार तासांच्या आत हवं. "पोरीचा रडत फोन आला तर ताटातलं जेवण गार व्हायच्या आत तिच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे," म्हणायचा.

"चार तासांत कसलं जेवण गरम राहतं रे?" मी विचारायचे.

"झाकून ठेवायचं," तो म्हणायचा.

आणि त्याची एक खोड होती. मोटेलात शिरलं की बॅगा नंतर, आधी बर्फ. खोलीतली प्लॅस्टिकची छोटी बादली उचलायची, व्हरांड्यातल्या मशीनवर जाऊन काठोकाठ भरायची. हात भरलेले, म्हणून दार वाजवायला बुटाचं टोक.

टक... टक...

खाली, उंबऱ्याजवळ. नेहमी दोनदाच. मग तीन ग्लासांत आल्याचा सोडा. खिडकीजवळचा ग्लास त्याचा. बाहेर उभी असलेली आपली गाडी बघत बसायला त्याला आवडायचं.

"बाबा, तू फिरायला येतोस की बर्फ खायला?" जोसी चिडवायची.

"फुकट मिळतंय ते सोडू नये," तो म्हणायचा.

अकरा फेब्रुवारीला तो दारासमोरचा बर्फ काढायला फावडं घेऊन गेला. पंधरा मिनिटांनी मी खिडकीतून बघितलं. फावडं उभं होतं. तो आडवा होता.

दोन महिने फाईल तशीच पडून राहिली.

"आई, नको जाऊया," जोसी म्हणाली.

"बाबाने आखलंय. जायचं."

"मग त्यात एक पाचवं घाल ना."

तिने माझ्यापुढे एक पत्र ठेवलं. मेन राज्यातलं कॉलेज, अगदी समुद्राला लागून. मक्याच्या शेतांत वाढलेली ही पोर, पण आठव्या वर्षापासून हिला खेकडे न् शिंपल्यांचं वेड. तिने गुपचूप अर्ज केला होता आणि त्यांनी तिला बोलावलं होतं. तेही शिष्यवृत्ती देऊन.

घरापासून सोळा तास.

"फाईलमध्ये नाही ते," मी म्हणाले.

"बाबा असता तर..."

"बाबा असता तर नाहीच म्हणाला असता. चार तास, माहितीये ना?"

खोटं कशाला बोलू? नियम त्याचा होता, पण भीती माझी होती. त्या रिकाम्या घरात मी एकटी काय करणार होते? पोरीने पत्र घडी करून खिशात ठेवलं. परत विषय काढला नाही. तिचं ते गप्प बसणं मला सोयीचं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

मंगळवारी पहिलं कॉलेज बघितलं. एक मुलगी आमच्याकडे तोंड करून उलटं चालत सगळं दाखवत होती. सुरुवातीला छातीवर लावायला नावाच्या चिठ्ठ्या दिल्या. जोसी. रोंडा, म्हणजे मी. आणि तिसरी... ड्वेन.

कळवायचं राहून गेलं होतं. मी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी मोटेल. खोली अकरा. जोसी अंघोळीला गेली, मी पलंगावर टेकले.

आणि...

टक... टक...

दारावर. खाली, उंबऱ्याजवळ.

उठून दार उघडलं. कोणी नव्हतं. बाहेर आमची एकटीच गाडी उभी होती.

पायपुसण्यावर बर्फाची बादली होती. काठोकाठ भरलेली.

मोटेलवाल्यांनीच ठेवली असेल, म्हणून मी ती आत घेतली. टेबलावर ठेवायला गेले, तर तिथे ट्रेमध्ये गोल रिकामी जागा...

आमच्याच खोलीतली बादली होती ती. आणि दार तर मी आल्या आल्या आतून लावलं होतं.

जोसीला काही बोलले नाही.

बुधवारी दुसरं मोटेल. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने किल्ली देताना सांगितलं, "मॅडम, बर्फाचं मशीन जानेवारीपासून बंद आहे. तेवढं सांभाळून घ्या."

खोली उघडली.

टेबलावर बादली. भरलेली. शेजारी तीन ग्लास सरळ करून ठेवलेले. दोन जवळजवळ, आणि तिसरा... खिडकीपाशी.

जोसी दारातच थांबली. बराच वेळ तिने त्या ग्लासाकडे बघितलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा आलाय."

मी घाबरायला हवं होतं. पण मी खाली बसले आणि दोन महिन्यांत रडले नव्हते तेवढी रडले. मग बाहेरच्या मशीनमधून आल्याचा सोडा आणला आणि तीन ग्लास भरले. सकाळी दोन रिकामे होते. तिसरा तसाच होता.

गुरुवारी मला धीर निघेना. तिसऱ्या कॉलेजातली उलटी चालणारी पोरगी काय सांगत होती, देव जाणे. मी सारखी घड्याळ बघत होते.

"आई, आपण कॉलेजं बघायला आलोय की मोटेलं?" जोसीने विचारलं.

प्रयोगशाळा बघायची राहिली, मी तिला ओढतच गाडीत घातलं.

बादली होती. ग्लास होते. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट होती... खुर्ची. खिडकीकडे तोंड करून ओढलेली. तिच्या पायांच्या रेघा गालिच्यावर ताज्या दिसत होत्या.

जोसी पलंगावर मांडी घालून बसली.

"मी याच कॉलेजात येते," ती म्हणाली. "चांगलं आहे. घरापासून दोन तास. शनिवारी तू इथे येत जा, आपण हीच खोली घेऊ. म्हणजे तुलाही... आणि बाबालाही..."

"आणि समुद्र?"

"समुद्र कुठे पळून जातोय?" ती हसली. अठरा वर्षांच्या मुलीचं हसू नव्हतं ते. नवरा गेलेल्या बाईचं होतं. मी ओळखते, आरशात बघते ना रोज.

सकाळी ती दात घासत होती. कचऱ्याच्या डब्यात मला ते पत्र दिसलं. चोळामोळा करून टाकलेलं.

मी ते उचललं, मांडीवर ठेवून हाताने सपाट केलं. समोर ती खुर्ची होती.

"ड्वेन," मी रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "हे काही बरोबर नाही रे."

खोलीत काहीच हललं नाही. फक्त बादलीत बर्फाचा एक तुकडा खाली घसरला...

शुक्रवारी दुपारी आम्ही मोठ्या रस्त्यावर होतो. चौथ्या कॉलेजासाठी उजवीकडचा फाटा घ्यायचा. पिवळी रेघ तिकडेच वळत होती. सरळ गेलं की पूर्व, आणि लांब पुढे समुद्र.

फाट्याची पाटी आली. एक मैल.

जोसी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मागची सीट रिकामी.

अर्धा मैल.

टक... टक...

माझ्या सीटच्या मागे. खाली, पायापाशी.

आरशात बघायची हिंमत झाली नाही. ड्वेन गाडीत मागे बसला आणि मी वळण चुकवायला लागले की हेच करायचा. बुटाच्या टोकाने दोनदा. "बाईसाहेब, फाटा."

टक... टक...

"मला दिसतोय रे फाटा," मी पुटपुटले.

आणि सरळ गेले.

पुन्हा आवाज आला नाही. गाडी एकदम रिकामी झाली. दोघी होतो आम्ही आत, तरी रिकामी.

दहा मैलांवर जोसीला जाग आली. तिने पाट्या वाचल्या. माझ्याकडे बघितलं. डॅशबोर्डवर ते सपाट केलेलं पत्र होतं. ती माझ्या दंडाला हात लावून बसली.

त्या रात्री वाटेत मिळालं त्या मोटेलात थांबलो. बादली कोरडी होती. मीच जाऊन भरली. तीन ग्लास मांडले. एक खिडकीजवळ. सगळं तसंच केलं.

सकाळी बादलीत पाणी होतं, बाकी काही नाही.

शनिवारी दुपारी मेनला पोचलो. कॉलेजचं ऑफिस बंद होतं. जोसी बूट काढून धावतच सुटली. ओहोटी होती. गुडघाभर चिखलात उभी राहून ती मला काहीतरी दाखवत होती, खेकडा असावा. आणि ती हसत होती. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तिचं तिचं हसू.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाईचा आवाज होता. चौथ्या मोटेलवाली.

मी ते बुकिंग रद्दच केलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही लोक कधी निघालात, कळलंच नाही," ती म्हणाली. "किल्ली कुठे ठेवलीत?"

"आम्ही आलोच नाही हो. माफ करा, कळवायचं राहिलं."



"मग खोलीत कोण होतं?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"पलंग तसेच आहेत, कोणी झोपलेलं नाही. पण तीन ग्लास काढून ठेवलेत. खुर्ची खिडकीशी ओढली आहे, पडदा बाजूला केलाय. आणि बादलीभर बर्फ. अकरा वाजता, भर उन्हात होती ती बादली, मॅडम... जराही वितळला नव्हता."

लांबून जोसी हाका मारत होती. "आई, इकडे ये ना! बघ तरी!"

"मी ओतून दिला तो बर्फ," बाई म्हणाली. "चालेल ना?"

"हो," मी म्हणाले. "चालेल."

मग चिखलात उतरले आणि तो खेकडा बघितला.

जोसी त्याच कॉलेजात गेली. ऑगस्टमध्ये मी तिला सोडून आले, पण उत्तरेकडून लांबच्या रस्त्याने. फाटा टाळून. दर रविवारी तिचा फोन येतो. अजून एकदाही रडत आलेला नाही.

ऑक्टोबरमध्ये त्या बाईचा पुन्हा फोन आला. आवाज जरा उतरलेला होता. त्या खोलीत कोणी टिकत नाही म्हणाली. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला दार वाजतं. खाली, उंबऱ्याजवळ, दोनदा. उघडलं तर कोणी नसतं. आणि खुर्ची कशीही ठेवा, सकाळी खिडकीशी असते.

"मॅडम, तुमचं काही राहिलंय का इथे?"

"नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

जाऊन बघावं असं रोज वाटतं. पण गेले आणि तो तिथे असला, तर दुसऱ्यांदा त्याला सोडून कशी निघणार? आणि गेले आणि नसला, तर?

गेल्या रविवारी जोसी इकडचं तिकडचं बोलत होती. मधेच थांबली.

"आई, एक विचारू? ते चौथं मोटेल... तू बुकिंग रद्द केलं होतंस ना? नाहीतर बाबा उगाच तिथे..."

"केलं होतं गं."

"नक्की?"

"नक्की. तू जेवलीस का?"

फोन ठेवून मी निळी फाईल काढली. चौथ्या पानावर ड्वेनच्या अक्षरात अंतर लिहिलेलं आहे. घरापासून साडेतीन तास.

जेवण झाकून ठेवलं तर गार व्हायच्या आत पोचता येईल.

मी अजून गेलेले नाही.