इंजिनातली बारीक शिट्टी

मुखेडच्या बाजाराच्या दिवशी, भर चौकात मंजुषाची गाडी चौथ्यांदा बंद पडली. मागे एसटीचा हॉर्न, पुढे शेळ्यांचा कळप. ती तालुक्यातली जनावरांची डॉक्टर. एका वाडीवर म्हैस अडली होती, अन् इथं ही बया रेसवरचा पाय काढला की मान टाकत होती!

"थोडी रेस देऊन धरा..." खिडकीशी वाकून कुणीतरी म्हणालं.

"तेच करून राहिले ना! तिकडं वाडीवर म्हैस अडलीय!" ती खेकसली.

तो हसला नाही. गाडी कडेला ढकलत म्हणाला, "मी रुद्रेश. समोरचं गॅरेज माझंच हाय. आधी म्हशीकडं जाऊ, माझ्या मोटरसायकलवर."

गोठ्यात त्यानं बाह्या सरसावून रेडकाच्या पायाला बांधलेली दोरी ओढली. रेडकू धडपडत उभं राहिलं, तेव्हा रुद्रेशच्याच डोळ्यांत पाणी! मंजुषानं ते पाहिलं... अन् पटकन नजर वळवली.

गाडीचं मात्र काही जमेना. त्यानं प्लग बदलले, हवेचा मार्ग साफ केला. गॅरेजमध्ये ती शहाण्यासारखी चालायची. बाहेर पडली की दुसऱ्याच फाट्यावर बंद! तिसऱ्यांदा मंजुषा चिखलाच्या पायांनी तरातरा आत शिरली.

"तुमच्या गाड्यांपेक्षा माझी जनावरं बरी! निदान कुठं दुखतंय ते दाखवतात."

"हिचं दुखणं गरम झाल्यावरच निघतंय. मला सोबत न्या, डॉक्टर. देगलूरच्या रस्त्यानं फिरवू."

वीस किलोमीटर झाले, तरी गाडी ठणठणीत. शेवटी लिंबाखाली इंजिन चालू ठेवून दोघं वाट पाहत बसले... गाडी बिघडण्याची!

"लातूरला बदली मागितली म्हणे तुम्ही?" त्यानं काचेबाहेर बघत विचारलं.

"अर्ज लिहिलाय. दिला न्हाई अजून. अशा गाडीवर गावं कशी करू?"

तेवढ्यात इंजिन थरथरलं, आचके देऊ लागलं. रुद्रेश उडी मारून उतरला, बॉनेट उघडून कान लावला.

"शिट्टी ऐकू येती का? या इकडं!"

खालच्या बाजूला एका रबरी पाइपला बारीक चीर होती. गरम झाली की उघडायची, नको ती हवा आत ओढायची. त्यानं तिचं बोट धरून त्या चिरेवर ठेवलं. धडधड थांबली, इंजिन एका लयीत चालू लागलं. त्याचा हात मात्र... तिथंच राहिला.

"सापडलं," तो पुटपुटला. "नवा पाइप टाकतो. आता बंद पडणार न्हाई."

"मग एवढं तोंड का पाडलंय?"

"तुम्ही गॅरेजला येणार न्हाई ना आता..."

"अहो, मग बोला ना सरळ! तीन आठवडे झाले, गाडीचंच गाऱ्हाणं ऐकून राहिले मी!"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही मला लई आवडता. बदली घेऊ नका. रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ का?"

"आईला एकदम कशाला?" मंजुषानं कपाळाला हात लावला, काळं ग्रीस तिथंही लागलं. "आधी एकटे या. जेवायला. अन् उशीर केलात तर याद राखा!"