खिडकीखालच्या दोन खाचा

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तज्ज्ञबाईंनी बाबांच्या खोलीतल्या खिडकीखाली, भिंतीला ओल मोजायचं यंत्र टेकवलं. आकडा अठ्ठावीसवर थांबला. पलीकडच्या भिंतीवर तो अकरा होता.

"म्हणजे काय समजायचं?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

"काका, पाणी छतातून येत नाहीये. खिडकीपाशी येतंय."

"ते मी नऊ वर्षांपूर्वीच सांगितलं होतं," बाबा म्हणाले, आणि पुढचे शब्द खोकल्याच्या उबळीत बुडाले.

ताईने पाण्याचा ग्लास पुढे केला. ती थोरली. बाबासुद्धा तिला ताईच म्हणत. नऊ वर्षं या विषयावर ती चकार शब्द बोलली नव्हती. त्या खिडकीचं नाव निघालं की ती स्वयंपाकघरात निघून जायची.

बाबा गिलावा करणारे, आणि हातखंडा कारागीर. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते पाहायचं आणि कुठे भोक दिसलंच तर त्यात आगकाडी घालून करणाऱ्याला चारचौघांत दाखवायची, हा त्यांचा खाक्या. ताईचा धाकटा भाऊ खिडक्या बसवायला शिकला आणि स्वतःच्या हाताने पहिली खिडकी बसवली ती बाबांच्याच खोलीत. तीन महिन्यांत तिच्याखालची भिंत फुगली, रंगाचे पापुद्रे सुटले. बाबांनी कामावरच्या माणसांसमोर त्याला उभं केलं. "हे हात नाहीत, फावडी आहेत! माझ्या भिंतीला यापुढे लावायचे नाहीत!"

धाकट्याने हत्यारांची पिशवी उचलली. दारात क्षणभर थांबून ताईकडे पाहिलं आणि तो गेला. आता दुसऱ्या शहरात त्याचा स्वतःचा खिडक्यांचा कारखाना होता, एवढं लोकांकडून कळायचं. ताईच्या वाढदिवसाला दोन ओळींचा निरोप यायचा. बस्स.

त्यानंतर ताईला लांबच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती. एक स्थळही चालून आलं होतं. दोन्ही वेळा तिचं उत्तर एकच होतं, "बाबांकडे कोण बघेल?" खरं उत्तर तिने कुणालाच सांगितलं नाही. धाकटा कधीतरी येईल, बेल वाजवेल, आणि त्या वेळी दार उघडायला घरात आपलं माणूस असायला हवं... त्या एका बेलसाठी तिने आपलं अख्खं आयुष्य दाराशी बसवून ठेवलं होतं!

मधल्या काळात चार जण ओल थांबवून गेले. एकाने छताला डांबर फासलं, दुसऱ्याने भिंतीला महागडा रंग दिला, तिसऱ्याने फरश्या चिकटवल्या, चौथ्याने तर नुसतं भिंतीवर थापटून "आता बिनधास्त राहा" म्हटलं. प्रत्येकाकडे विकायला काहीतरी होतं. शेवटी डॉक्टरांनी बजावलं की त्या खोलीत हा खोकला सुटणार नाही, तेव्हा ताईने या बाईंना बोलावलं. दारातच त्या म्हणाल्या होत्या, "मी काहीच विकत नाही. पाणी कुठून येतं तेवढं शोधते आणि लिहून देते."

आता त्यांनी बाबांचा तोच पाण्याचा ग्लास मागून घेतला आणि खिडकीच्या चौकटीच्या खालच्या पन्हळीत हळूहळू ओतला.

"हे बाहेरच्या बाजूने पडायला हवं," त्या म्हणाल्या.

तिघंही बघत राहिली. बाहेर थेंबसुद्धा पडला नाही. पन्हळीतलं पाणी मात्र कोपऱ्यातून कुठेतरी मुरत चाललं होतं. थोड्या वेळाने त्यांनी यंत्र पुन्हा टेकवलं. एकतीस.

बाईंनी खिडकीबाहेर वाकून चौकटीखाली बोट फिरवलं, एक बारीक हत्यार काढलं आणि टोकरायला सुरुवात केली. भेगा बुजवायच्या पांढऱ्या लांबीचा तुकडा निघाला. त्याच्या आत पिवळट थर, त्याच्या आत पुन्हा पांढरा.

"इथे दोन खाचा असतात, काका. आत आलेलं पाणी बाहेर जायला मुद्दाम ठेवलेल्या. खिडकी अगदी व्यवस्थित बसवलीय हो! पण या खाचा कुणीतरी बुजवल्यात. आणि वर्षानुवर्षं... फार मन लावून."

ताई पलंगाच्या कडेवर बसली.

खिडकी बसली त्याच संध्याकाळी तिने त्या दोन खाचा पाहिल्या होत्या. करंगळीच्या नखाएवढ्या. घाईत राहिल्या असतील पोराच्या, उद्या बाबा आगकाडी घालतील, चारचौघांत बोलतील, असं वाटून तिने बाबांच्याच डब्यातली लांबी घेतली आणि बोटाने दाबून बसवली. पुढे भिंत ओली होऊ लागली, तेव्हा पाणी तिथूनच शिरतंय असं वाटून दर वर्षी आणखी घट्ट!

"मी बुजवल्या," ती म्हणाली. "बाबा, त्याला बोलणी बसू नयेत म्हणून... मीच."

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "ताजी लांबी माझ्या नजरेतून सुटेल होय? मला वाटलं, त्या खाचा म्हणजे पोराची चूक आणि बहीण ती झाकतेय. म्हणून तर त्याला एका शब्दाने विचारलं नाही मी... नुसतं विचारलं असतं, तरी त्याने सांगितलं असतं गं!"

बाई आपलं सामान आवरू लागल्या. ताईने फोन लावला.

"ताई? बाबा बरे आहेत ना?" पलीकडून पहिला प्रश्न आला. मागे यंत्राची घरघर चालू होती.

"बरे आहेत. अरे, त्या खिडकीच्या खाचा... मी बुजवल्या होत्या. तू विसरलास असं वाटलं मला. माझ्यामुळे तू..."

घरघर बंद झाली.

"ताई, नऊ वर्षं मी त्या खिडकीचं एकेक माप मनात तपासतोय. कुठे चुकलो, कुठे चुकलो... आजही खिडकी बसवली की ग्लासभर पाणी ओतून बघितल्याशिवाय मी तिथून हलत नाही. पोरं हसतात मला!"

बाबांनी हात पुढे केला. ताईने फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

"खिडकी ओळंब्यात आहे रे तुझी," ते म्हणाले. "तेव्हाही होती. मी बघितलं होतं."

"ठेवतो, ताई," पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

सोमवारी मजुरांनी चौकटीमागची ओल वाळावी म्हणून खिडकी काढली, सडलेला गिलावा विटांपर्यंत खरवडला. स्वतःच्या हातचा गिलावा असा उतरताना बाबांनी जन्मात प्रथमच पाहिला, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तज्ज्ञबाईंनी खिडक्या बसवणाऱ्या तिघांची नावं दिली होती. बाबांनी तिघांनाही नको म्हटलं. उघड्या जागेवर प्लॅस्टिक ताणलं आणि ते हॉलमध्ये झोपू लागले. ताईने तज्ज्ञबाईंचा अहवाल धाकट्याला पाठवला. बाई यंत्र ठेवून गेल्या होत्या. ती रोज दहा वाजता ते विटांना टेकवी आणि आकडा पाठवी. पंचवीस. बावीस. एकोणीस. उत्तर येत नव्हतं.

गुरुवारी तज्ज्ञबाईंचा फोन आला.

"ताई, एका कारखान्यातून माझ्याकडे विचारणा झाली. अहवालावरून नंबर मिळाला म्हणाले. नाव नाही सांगितलं. खिडकीच्या जागेची मापं हवी होती, अगदी मिलिमीटरपर्यंत. दिली मी."

"आणखी काही?"

"भिंत कधी वाळेल ते विचारलं. आणि जरा थांबून म्हणाले, रात्री म्हातारे झोपतात कुठे?"

ताईने फोन ठेवला आणि हे सगळं बाबांना सांगितलं.

आज सकाळी दहा वाजता आकडा सतरा होता. पंधरा झाला की चौकट बसवता येईल, असं तज्ज्ञबाईंनी सांगितलंय. बाबांनी जुना ओळंबा पुसून खिडकीपाशी ठेवलाय. धाकट्याचा फोन अजून आलेला नाही.