पहिले दहा

चैत्रालीची आई, वसुधा, अकोल्याहून दोन महिन्यांसाठी परदेशी लेकीकडे, नावनला आली आणि साथीमुळे विमानंच बंद पडली. चैत्रालीचं ग्रँड कॅनाल डॉकचं ऑफिसही घरात आलं. शोधनिबंधांच्या एका पोर्टलचा सर्च स्क्रीन ती नव्याने मांडत होती.

"माझा निबंध सापडतो का गं यात?" आईने एकदा विचारलं. ज्वारीच्या काणी रोगावर उभ्या हयातीत लिहिलेला एकुलता एक निबंध. तो पार शेवटच्या पानावर निघाला. कोणी उघडलेलाही नव्हता, पण आई केवढी खूश झाली.

पहिल्या दहा निकालांपुढे माणसं जात नाहीत, हे चैत्रालीला आकड्यांवरून पाठ होतं. तिने पुढची पानंच काढून टाकली. बॉस "ग्रँड" म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत झकास. त्यात आईचा निबंधही गेला, हे तिला कळत होतं. पण एकट्या आईसाठी डिझाइन थोडंच बदलतात?

त्याच आठवड्यात सुपरमार्केटचं आपोआप उघडणारं दार आईसमोर उघडेना. दोघी खूप हसल्या. मग व्हिडिओ कॉलवर अकोल्याची मावशी विचारू लागली, ताई कुठाय? आई तर चैत्रालीला खेटून बसली होती. नेटवर्क, दुसरं काय, म्हणून चैत्रालीने विषय संपवला. आई मात्र त्यानंतर फारशी बोलेनाशी झाली. नुसती जवळ येऊन बसायची.

रविवारी जेवायला चैत्रालीच्या नवऱ्याने, सारंगने, दोनच ताटं घेतली.

"आणि आईचं?"

तो बावचळला. "कुणाच्या आईचं?"

चैत्रालीने वळून पाहिलं. खुर्चीवर शाल होती. आई नव्हती.

तिने लॅपटॉप ओढला आणि कोणालाही न विचारता जुना स्क्रीन परत चढवला. आता फक्त निबंध शोधायचा. लेखकाचं नाव टाकायला तिने बोटं उचलली आणि ती तशीच राहिली.

नाव आठवेना.

मग ती एकेक पान उघडत खाली जाऊ लागली. ज्वारी. ज्वारी. डोळे भरून येत होते. कशासाठी, तेही आता नीटसं कळत नव्हतं.

शेजारच्या कपातला चहा हळूहळू कमी होत होता.

"दमू नको, बाई. अजून खाली बघ," रिकाम्या खुर्चीवरून कोणीतरी मायेने म्हणालं. "मी इथंच आहो."

आवाज ओळखीचा वाटला. कोणाचा, ते काही केल्या तिला सांगता येईना.