तीन नंबरला फोटो दिसत न्हाईत

पहिल्यांदा तो आला तो चुकून. दारात उभं राहून म्हणाला, फोन लावायचाय, एसटीडी बूथ इथंच होता ना? मी म्हणलं, होता, आता इंटरनेट हाय, पाटी वाचता येत न्हाई का? तो हसला. शर्टाला हळदीचा वास, नखं पिवळीधमक… सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडतीवरला असणार, बघताक्षणी वळखलं.

"मग इंटरनेटच दाखवा की, म्याडम."

अकरावी अर्ध्यात टाकून नानासोंच्या कॅफेत बसलेली मी, एकोणीस वर्षांची, रागीट. मला म्याडम कोण म्हणतंय?

त्याचं नाव श्रेयस. त्या दिवसापासनं रोज संध्याकाळी यायचा आणि तीन नंबरच्या मशीनवर बसायचा, माझ्या टेबलाच्या शेजारी. मी त्याला ईमेल शिकवला. माऊसला त्याच्या बोटांची हळद लागायची. बाकीचे माऊस मी रोज पुसायचे, तेवढा एक न्हाई.

मग एके दिवशी म्हणाला, आमच्या समाजाच्या वधूवर मंडळानं पोरींचे फोटो इंटरनेटवर टाकलेत. आई म्हणती शनिवारपर्यंत एक नाव सांग, रविवारी बघायला जाऊ. ते पान माझ्याच हातानं उघडून दिलं मी. तवा जुनी फोनची लाइन होती, फोटो वरनं खाली जरा जरा उतरायचा— आधी गजरा, मग कपाळ, मग डोळे. फलटणची ऋचा. हा आपला हनुवटीला हात लावून वाट बघत बसलेला. एवढी वाट कुणी बघतंय व्हय? लाइन तुटू दे, लाइन तुटू दे, म्हणत होते मी मनात. ऋचा ओठापर्यंत आली, आणि लाइन तुटली.

गुरुवारी नानासोंनी नवी लाइन घेतली. लय जलद. सगळ्यांना कंदी पेढे वाटले. आणि त्याच संध्याकाळी श्रेयसची हाक,

"ओ म्याडम, फोटो दिसत न्हाईत."

बघते तर पोरींची नावं सगळी जागच्या जागी, फोटोंच्या ठिकाणी रिकामे चौकोन. काळजात कसं गार वाटलं. पण तिकडनं नानासो वरडले, एवढी महागाची लाइन घेतली, गिऱ्हाइक जाईल, तुला जमत नसंल तर सांग. आणि मला जमत न्हाई असं कुणी म्हणलेलं मला खपत न्हाई.

पान परत मागवलं, चौकोनच. एक नंबरच्या मशीनवर तेच पान उघडलं, तर सगळ्या पोरी हजर, दात काढून. म्हणजे लाइन बरी, पानही बरं. तीन नंबरवर दुसरंच एक पान उघडलं, तरी चौकोन. म्हणजे रोग ह्या मशीनलाच. सेटिंगमधली एकेक ओळ वाचत गेले. चित्रं दाखवायची, त्या ओळीपुढची टिक कुणीतरी काढलेली. लावली. ऋचा एका झटक्यात आली, गजऱ्यासकट.

"दिसली?"

"दिसली की."

"लय गोरी हाय."

"फोटोत सगळ्याच गोऱ्या असतात."

"मग जावा की रविवारी, शेठ," म्हणलं, आणि टेबलावर येऊन उगंच पावत्या फाडत बसले.

शुक्रवारी परत तेच. टिक गायब. परत नानासोंचं बोलणं खाल्लं, परत लावली, परत ती ऋचा.

शनिवारी मी डोळ्यात तेल घालून बसले. शेजारचं चार नंबरचं मशीन बंद होतं, त्याच्या काळ्या काचेत तीन नंबरचं सगळं दिसतं. श्रेयस आला. बसला. पान उघडायच्या आधी सेटिंग उघडलं, खाली खाली गेला… आणि टिक काढली. मग गरीब तोंड करून मान वळवली.

"ओ म्याडम…"

मी त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले. "मला येडी समजता व्हय, शेठ? दोन दिस तुमच्यापायी शिव्या खाल्ल्या मी."

त्याचे कान लाल झाले. "नीट करायला येता तवा… शेजारी बसता," म्हणाला.

"आज नाव सांगायचंय न्हवं आईला? मग बघा फोटो. लावते टिक."

"नको." तो पडद्याकडंच बघत होता. "त्यात तुझा फोटो हाय?"

"माझा कशाला असंल?"

"मग दिसले काय आणि न दिसले काय."

मी शेजारची खुर्ची वढून बसले.

"पण ऋचाला बघितलंस की," म्हणलं मी. तुमीचं तू कवा झालं, कळलंच न्हाई.

"तू दाखवलीस म्हणून."

"आईला काय सांगशील?"

"नाव. भाग्यश्री. आपल्याच समाजाची. तुझ्या बाबांना आई जैन बस्तीत दर्शनाला रोज बघती."

"मला विचारलंस व्हय?"

"आता विचारतोय की."

मी उठले, एक, दोन, पाच, एकेका मशीनवर गेले, आणि सगळ्यांच्या टिका काढून परत त्याच्या शेजारी येऊन बसले.

"अगं, नानासो बोंबलतील," तो म्हणाला.

"बोंबलू दे. उद्या आईला घेऊन ये, सोमवारी लावते."